काम कोणतं बंद करणार, ते आधी सांगा

अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात बॉयर्स नावाचं एक खेडं आहे. तिथे चुनखडीची एक जुनी खाण आहे आणि जमिनीखाली सुमारे २३० फुटांवर, त्या खाणीच्या पोटात, सरकारी कचेरी चालते. देशभरातल्या फेडरल कर्मचाऱ्यांच्या निवृत्तीची कागदपत्रं तिथे येतात. कपाटांच्या रांगा, त्यांत फाइली, आणि एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर त्या फाइली हाताने नेणारी माणसं. 'वॉशिंग्टन पोस्ट'ने २०१४ मध्ये या जागेबद्दल सविस्तर लिहिलं तेव्हा तिथे सुमारे ६०० लोक काम करत होते आणि एक फाइल हातावेगळी व्हायला सरासरी ६१ दिवस लागत होते. १९७७ मध्येही तेवढेच लागत.

ज्यांच्या घरात कुणी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालं आहे, त्यांना याचं फार नवल वाटणार नाही. सर्व्हिस बुकात एक नोंद राहिली म्हणून मारलेले हेलपाटे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहेत. नवल वाटावं ते दुसऱ्याच गोष्टीचं. १९७७ ते २०१४ या काळात जिमी कार्टर, रोनाल्ड रेगन, थोरले बुश, बिल क्लिंटन, धाकटे बुश आणि बराक ओबामा असे सहा अध्यक्ष झाले. वॉशिंग्टनचा कारभार आपण सुधारणार असं यातल्या जवळपास प्रत्येकाने प्रचारात सांगितलं होतं. खाण होती तशीच राहिली.

फेब्रुवारी २०२५ मध्ये इलॉन मस्क यांनी ओव्हल ऑफिसात ट्रम्प यांच्या शेजारी उभं राहून हीच खाण जगाला ऐकवली. सरकारी माणसं किती वेगाने निवृत्त होऊ शकतात, हे खाणीतल्या लिफ्टच्या वेगावर ठरतं, असा त्यांचा टोला होता. टोला झकास होता. पण खाणीतलं काम अजून हाताने का चालतं, हा प्रश्न त्यातही राहूनच गेला. संगणकीकरणाचे प्रयत्न १९८७ पासून झाले, त्यांवर १० कोटी डॉलरहून जास्त खर्च झाला आणि ते फसले. कारण निवृत्तिवेतनाचे नियम काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, दर काही वर्षांनी घातलेल्या थिगळांचे आहेत. जुन्यांची योजना वेगळी, १९८३ नंतर आलेल्यांची वेगळी. मधल्या काळात लष्करात असलेल्यांचा, अग्निशमन दलात असलेल्यांचा, नोकरी सोडून पुन्हा आलेल्यांचा हिशेब आणखी वेगळा. वेगवेगळ्या खात्यांकडून कागद वेगवेगळ्या तऱ्हेने येतात. ही गाठ सोडवायची तर आधी कायदा सोपा करावा लागेल, मग खात्यांच्या नोंदी एका साच्यात आणाव्या लागतील, आणि त्यानंतर संगणकाचं काम सुरू होईल. हे करायला पाच-सात वर्षं जातील आणि प्रचारसभेत त्यावर एकही टाळी पडणार नाही.

अमेरिकी अध्यक्षपदाचे उमेदवार सरकार चालवण्याबद्दल जे प्रस्ताव मांडतात, ते तपासताना मी ही खाण डोळ्यांसमोर ठेवतो. या प्रस्तावाने खाणीत काही बदलेल का? बहुतेक वेळा उत्तर नाही असंच येतं.

उमेदवारांची एक आवड फार जुनी आहे, ती म्हणजे खाती मोजण्याची. १९७६ मध्ये कार्टर सांगत होते की फेडरल सरकारच्या १,९०० संस्था आहेत, त्या मी २०० वर आणीन. ते निवडून आले आणि त्यांच्या कारकिर्दीत ऊर्जा खातं आणि शिक्षण खातं अशी दोन नवी मंत्रालयं जन्माला आली. (कार्टर यांना नुसतं हसणं मात्र अन्यायाचं होईल. १९७८ चा सनदी सेवा सुधारणा कायदा त्यांचाच, आणि आज फेडरल नोकरभरती पाहणारं ऑफिस ऑफ पर्सोनेल मॅनेजमेंट त्याच कायद्यातून आलं.) १९८० मध्ये रेगन यांनी नेमकी हीच दोन नवी खाती बंद करण्याचं वचन दिलं. आठ वर्षांनी ते गेले तेव्हा दोन्ही खाती जागेवर होती, आणि माजी सैनिकांच्या विभागाला पूर्ण मंत्रालयाचा दर्जा देणाऱ्या कायद्यावर सही करून ते गेले. वजाबाकी करायला आलेल्याने बेरीज करून जावी, हे तिथे दोनदा झालं.

रेगन यांनी खासगी उद्योगांतले बडे अधिकारी बोलावून उधळपट्टी शोधायला एक समिती नेमली होती, उद्योगपती पीटर ग्रेस यांच्या अध्यक्षतेखाली. १९८४ मध्ये समितीने २,४७८ शिफारशी दिल्या आणि तीन वर्षांत ४२४ अब्ज डॉलर वाचतील असा दावा केला. काँग्रेसच्या हिशेबनिसांनी तपासलं तर बचतीचा आकडा दाव्याच्या कितीतरी खाली आला, आणि बचतीच्या अनेक सूचना मुळात धोरण बदलण्याच्या होत्या, त्यांना कायदा लागणार होता. समितीने गोळा केलेला कागद मात्र दांडगा होता.

मग टेक्सासचे रिक पेरी. नोव्हेंबर २०११ मध्ये रिपब्लिकन उमेदवारांच्या वादचर्चेत ते म्हणाले की आपण अध्यक्ष झाल्याबरोबर तीन खाती जातील. वाणिज्य, शिक्षण आणि... तिसरं काही आठवेना. जवळपास मिनिटभर चाचपडून त्यांनी 'ऊप्स' म्हटलं आणि त्यांची उमेदवारी तिथेच बसली. तिसरं खातं ऊर्जेचं होतं. २०१७ मध्ये ट्रम्प यांनी त्यांना मंत्री केलं, ते त्याच ऊर्जा खात्याचे. सिनेटसमोरच्या सुनावणीत पेरी यांनी मान्य केलं की खात्याची कामं समजून घेतल्यावर ते बंद करा म्हटल्याचा आपल्याला पस्तावा होतो. अमेरिकेची अण्वस्त्रं सांभाळण्याचं काम ऊर्जा खात्याकडे आहे, आणि त्याच्या अर्थसंकल्पातला मोठा हिस्सा त्यावरच जातो. नाव विसरणं क्षम्य आहे, कुणाचंही होतं. पण जे खातं बंद करायचं म्हणून मतं मागितली, ते करतं काय हेच उमेदवाराला मंत्री होईपर्यंत माहीत नव्हतं. माझं म्हणणं सगळं यातच आहे. माणसं किती कमी करणार, खाती किती बंद करणार हे विचारू नका. काम कोणतं बंद करणार, ते विचारा. खातं पुसलं तरी अण्वस्त्रं तिथेच राहतात आणि ती कुणाला तरी सांभाळावी लागतात.

आता पैशाचा हिशेब. काँग्रेशनल बजेट ऑफिसच्या मांडणीनुसार २०२२ मध्ये फेडरल सरकारचे मुलकी कर्मचारी सुमारे २३ लाख होते आणि त्यांच्या पगारभत्त्यांवर सुमारे २७१ अब्ज डॉलर खर्च झाले. आकडा मोठा दिसतो. पण त्या वर्षीचा एकूण खर्च ६ लाख कोटी डॉलरच्या वर होता; म्हणजे रुपयात चार-साडेचार पैसे. त्यातही सुमारे ६० टक्के रक्कम संरक्षण, माजी सैनिक आणि अंतर्गत सुरक्षा या तीन खात्यांतल्या मुलकी लोकांवर जाते, आणि ही खाती बंद करा असं म्हणण्याची छाती सहसा कुणाची होत नाही. २०२४ मध्ये खर्च पावणेसात लाख कोटींवर गेला आणि तूट १.८ लाख कोटींची राहिली. उद्या सकाळी एकूण एक कर्मचारी घरी पाठवला, विमानतळापासून तुरुंगापर्यंत सगळीकडे कुलूप लावलं, तरी या तुटीचा पाचवा हिस्सादेखील धड भरून निघत नाही. पैसा जातो तो वृद्धांच्या पेन्शनवर, म्हणजे सोशल सिक्युरिटीवर, मेडिकेअर आणि मेडिकेड या वृद्धांच्या आणि गरिबांच्या आरोग्यविम्यांवर, संरक्षणावर, आणि कर्जाच्या व्याजावर. नोकरशहा कमी करून तूट मिटवण्याची भाषा म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आणखी एक आकडा उमेदवारांच्या भाषणात कधी येत नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीला फेडरल मुलकी कर्मचाऱ्यांची संख्या जवळपास २०२४ मधल्याएवढीच होती. तेव्हा लोकसंख्या २० कोटी होती, आज ३४ कोटी आहे. काम आणि खर्च अनेक पटींनी वाढले आणि माणसं तेवढीच राहिली, हे कसं जमलं? कंत्राटांनी. अलीकडच्या वर्षांत फेडरल सरकार वर्षाला साधारण ७५० अब्ज डॉलरची कंत्राटं देतं. म्हणजे पगारबिलाच्या अडीच पटींहून जास्त. त्यात विमानं आणि तोफा आहेत, तसेच कचेरीत शेजारच्या खुर्चीवर बसून तेच काम करणारे कंत्राटी लोकही आहेत. ते हजेरीपटावर नाहीत, म्हणून सरकार 'छोटं' दिसतं. कंत्राटी भरतीचा हा अनुभव महाराष्ट्रालाही चांगला आहे. मंजूर पदं रिकामी आणि काम बाह्य यंत्रणेकडे, हे चित्र आपल्या कुठल्याही तालुक्याच्या कचेरीत दिसतं.

या सगळ्या इतिहासात एक प्रयत्न मात्र थांबून पाहण्यासारखा आहे. क्लिंटन यांनी १९९२ च्या प्रचारात एक लाख फेडरल पदं कमी करण्याचं वचन दिलं होतं. निवडून आल्यावर त्यांनी हे काम उपाध्यक्ष अल गोर यांच्याकडे दिलं. गोर यांनी बाहेरचे उद्योगपती आणण्याऐवजी कारकून, निरीक्षक, भांडारपाल अशा आतल्याच लोकांना बसवलं आणि विचारलं, तुमचं काम कुठे अडतं? सप्टेंबर १९९३ मध्ये अहवाल आला. त्याच सुमाराला गोर डेव्हिड लेटरमन यांच्या रात्रीच्या टीव्ही कार्यक्रमात गेले. डोळ्यांना संरक्षक चष्मा लावला आणि हातोडीने काचेचा एक ॲशट्रे फोडला. सरकारी खरेदीच्या नियमांत ॲशट्रे फुटल्यावर त्याचे जास्तीत जास्त किती तुकडे व्हावेत, हेसुद्धा लिहून ठेवलेलं होतं. गोर यांनी ते कलम वाचून दाखवलं आणि मग हातोडी मारली.

मला हा प्रसंग मस्क यांच्या खाणीपेक्षा आवडतो, कारण इथे हातोडी नियमावर पडली, माणसावर नाही. पुढे खरेदीचे नियम खरंच सोपे झाले. लहानसहान वस्तू कर्मचारी सरकारी कार्डावर दुकानातून घेऊ लागले. पण राजकारणाला आकडा हवा असतो. १९९४ च्या कायद्याने सुमारे २ लाख ७३ हजार पदं कमी करण्याचं बंधन आलं आणि स्वेच्छेने जाणाऱ्यांना २५ हजार डॉलरपर्यंत देऊ केले गेले. २००० पर्यंत संख्या ४ लाखांहून जास्त घटली. यातला मोठा भाग शीतयुद्ध संपल्यामुळे संरक्षण खात्यातून गेला. उरलेल्यांत कोण गेलं? स्वेच्छानिवृत्तीचा नियम कुठल्याही बँकेत किंवा गिरणीत तोच असतो: ज्याला बाहेर काम मिळतं तो पैसे घेऊन जातो, ज्याला मिळत नाही तो थांबतो. कंत्राटं लिहिणारे आणि त्यांवर नजर ठेवणारे अनुभवी अधिकारी त्या दशकात पांगले, आणि पुढच्याच दशकात इराक-अफगाणिस्तानमुळे कंत्राटांचा पूर आला. आधी पहारेकरी कमी केले, मग कोठार मोठं केलं. गोर यांच्या कामाची ही दुसरी बाजू डेमोक्रॅटिक पक्ष फारशी सांगत नाही.

त्या पक्षाबद्दल बोलायचंच तर आणखी बोलू. सरकार हे चांगलं साधन आहे, असं ज्यांचं म्हणणं आहे त्यांनी ते साधन धारदार ठेवायला हवं. ओबामा यांची आरोग्य विम्याची वेबसाइट १ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू झाली, आणि पहिल्या दिवशी विमा घेणं शेवटपर्यंत जमलं ते सहा जणांना. पन्नासहून जास्त कंत्राटदार होते. सगळ्यांची मोट बांधणारा कुणी नव्हता. बायडेन यांच्या काळात खेड्यापाड्यांत इंटरनेट नेण्यासाठी २०२१ च्या कायद्यात ४२.४५ अब्ज डॉलर ठेवले गेले. २०२४ ची निवडणूक आली तरी त्या योजनेतून एकाही घराला जोडणी मिळालेली नव्हती. नकाशे, हरकती, राज्यांचे आराखडे, मंजुऱ्या, पुन्हा नकाशे. पैसा होता, कायदा होता, हेतूही चांगला होता. पण प्रचारात कमला हॅरिस यांनी कारभाराबद्दल जे मांडलं त्यातली लक्षात राहण्यासारखी गोष्ट एकच, ती म्हणजे ज्या फेडरल पदांना पदवीची खरी गरज नाही तिथली पदवीची अट काढणार. प्रस्ताव शहाणपणाचा आहे. मात्र एवढ्या मोठ्या यंत्रणेबद्दल तेवढंच बोलणं म्हणजे घर गळत असताना दाराला रंग देणं. जे समोरचा मोडायला निघाला आहे ते वाचवायचं, यापलीकडे डेमोक्रॅट बोलत नव्हते. वाचवून त्याचं पुढे काय करणार, हे मतदाराला कळलं नाही.

दुसऱ्या बाजूला, रिपब्लिकन इच्छुकांत, बोलणाऱ्यांची कमतरता नव्हती. फ्लोरिडाचे रॉन डिसँटिस चार संस्था बंद करणार होते: शिक्षण, वाणिज्य, ऊर्जा आणि करवसुली करणारी आयआरएस. करवसुली बंद केल्यावर बाकीचं सरकार कशावर चालणार, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. भारतीय वंशाचे विवेक रामस्वामी तीन चतुर्थांश कर्मचारी कमी करायला निघाले होते. सोशल सिक्युरिटी क्रमांकाचा शेवटचा अंक विषम असेल तर घरी जा, अशी एक कल्पनाही त्यांनी मांडून दाखवली. कायद्याच्या दृष्टीने हे हुशारीचं होतं, कारण चिठ्ठ्या टाकून काढल्यावर भेदभावाचा दावा कुणी करणार नाही. पण विमानतळावरच्या नियंत्रण मनोऱ्यात निम्म्या खुर्च्या रिकाम्या दिसल्या तर वैमानिकाने कुणाशी बोलायचं?

ट्रम्प यांचा प्रस्ताव या दोघांपेक्षा वेगळा आणि जास्त गंभीर होता, म्हणून त्याला गंभीरपणेच उत्तर द्यायला हवं. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांनी 'शेड्यूल एफ' नावाचा आदेश काढला होता. धोरणाशी संबंध असलेल्या कायम पदांना वेगळ्या यादीत टाकायचं आणि त्यांचं नोकरीचं संरक्षण काढायचं. बायडेन यांनी आल्याबरोबर तो रद्द केला. २०२४ च्या प्रचारात ट्रम्प यांनी तो परत आणण्याचं जाहीर केलं आणि २० जानेवारी २०२५ रोजी, शपथविधीच्याच दिवशी, वेगळ्या नावाने आणला. सरकारचा स्वतःचा अंदाज होता की सुमारे ५० हजार पदं त्यात येतील.

यामागचा युक्तिवाद पोकळ नाही. लोकांनी निवडून दिलेला अध्यक्ष एक धोरण सांगतो आणि खालचा कायम अधिकारी ते फायलीत जिरवतो, ही तक्रार आपल्याकडच्या कुठल्याही पक्षाच्या मंत्र्याला विचारा, तो रात्रभर सांगेल. काम न करणाऱ्या फेडरल कर्मचाऱ्याला काढणं अतिशय वेळखाऊ आहे, हेही खरं. पण औषध रोगावर लागू पडायला हवं. नवी यादी कामचुकारांची नाही. ती धोरणाच्या जवळ बसणाऱ्यांची आहे, म्हणजे ज्यांनी 'साहेब, हे कायद्यात बसत नाही' असं सांगायचं असतं त्यांची. त्यांच्या मानेवर टांगती तलवार ठेवली तर कामाचा वेग वाढेल की नाही माहीत नाही, पण ते वाक्य ऐकू येणं बंद होईल.

अमेरिकेने हा मार्ग आधी चालून पाहिलेला आहे. एकोणिसाव्या शतकात जिंकलेला पक्ष टपाल कचेरीतल्या कारकुनापासून जकात नाक्यापर्यंत आपली माणसं भरत असे. जुलै १८८१ मध्ये चार्ल्स गिटो नावाच्या माणसाने अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांना वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात गोळ्या घातल्या. आपण प्रचार केला म्हणून आपल्याला परदेशात वकिलातीतलं पद मिळायलाच हवं, अशी त्याची समजूत होती. गारफिल्ड सप्टेंबरमध्ये गेले. त्यांच्या जागी आलेले चेस्टर आर्थर हे स्वतः त्याच वशिलेबाजीतून वर आलेले, न्यूयॉर्कच्या जकात कचेरीचे माजी प्रमुख. आणि त्यांनीच जानेवारी १८८३ मध्ये पेंडलटन कायद्यावर सही केली, ज्याने परीक्षा आणि गुणवत्तेवर भरती सुरू झाली. सुरुवातीला जेमतेम दहातलं एक पद त्यात बसलं. बाकीची त्यात यायला पुढची कैक दशकं गेली.

गंमत अशी की राजकीय नेमणुकांची अमेरिकेला आजही वाण नाही. आपल्याकडे मंत्री बदलतो आणि सचिव राहतो. तिथे अध्यक्ष बदलला की सुमारे ४ हजार पदांवर नवी माणसं येतात, त्यांतल्या १,३०० च्या आसपास जणांना सिनेटची मंजुरी लागते. ती मिळेपर्यंत महिनोन् महिने खुर्च्या रिकाम्या किंवा हंगामी. फेडरल रिझर्व्हचे माजी प्रमुख पॉल व्होल्कर यांच्या आयोगाने १९८९ मध्येच सुचवलं होतं की ही पदं २ हजारांवर आणा. त्यानंतरच्या कुठल्याही प्रमुख उमेदवाराने हा मुद्दा गाजवला नाही, आणि का गाजवेल? प्रचारात राबलेल्यांना द्यायला मग काय उरणार! २००५ मध्ये कॅटरिना वादळ आलं तेव्हा आपत्कालीन मदतीची संस्था ज्यांच्या हाती होती, ते मायकेल ब्राउन त्याआधी अरबी घोड्यांच्या संघटनेत अधिकारी होते. न्यू ऑर्लीन्स पाण्याखाली गेलं आणि लोक छपरांवर थांबले.

आता २०२५ मध्ये प्रत्यक्षात काय झालं ते पाहू, कारण एवढ्या मोठ्या प्रमाणावर प्रचारातलं वचन अमलात येण्याचा प्रसंग क्वचित येतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये मस्क न्यूयॉर्कच्या सभेत म्हणाले होते, किमान २ लाख कोटी डॉलर वाचवू. जानेवारीत, सरकार येण्याआधीच, ते १ लाख कोटींवर आले. एप्रिलमध्ये १५० अब्ज. मे अखेरीस ते बाहेर पडले. त्यांचा कपातीचा 'डोज' नावाचा विभाग उभा राहिला, तो ओबामांच्या वेबसाइटची फजिती झाल्यावर २०१४ मध्ये तयार झालेल्या 'यूएस डिजिटल सर्व्हिस' या कार्यालयाची पाटी बदलून. म्हणजे सरकारी संगणक सुधारणारी चार जाणती माणसं जिथे बसली होती, नेमक्या त्याच टेबलावरून कपातीची सूत्रं हलली.

मोठ्या संख्येने सर्वांत आधी कुणाला काढलं? नव्याने लागलेल्या किंवा नुकती बढती मिळालेल्या, परिवीक्षेवरच्या लोकांना. ते नको होते म्हणून नव्हे, तर त्यांना काढणं कायद्याने सोपं होतं म्हणून. फेडरल कर्मचाऱ्यांत तिशीच्या आतले दहा टक्केही नाहीत, ही त्या यंत्रणेची जुनी दुखरी नस. आणि कुऱ्हाड पडली ती नेमकी कोवळ्या फांदीवर. फेब्रुवारीत अण्वस्त्रांची देखरेख करणाऱ्या संस्थेतल्या शेकडो जणांना कामावरून कमी केलं आणि एक-दोन दिवसांत बहुतेकांना परत बोलावलं. रिक पेरी यांना २०१७ मध्ये जे कळलं होतं, ते नव्या मंडळींना पुन्हा एकदा कळलं. त्याआधी, जानेवारीच्याच एका शुक्रवारी रात्री, सुमारे १७ खात्यांच्या महानिरीक्षकांना काढून टाकलं होतं. खात्यातला गैरव्यवहार आणि उधळपट्टी शोधणं हेच ज्यांचं काम, ते.

वर्षभरात सुमारे ३ लाख माणसं सरकारी नोकरीतून गेली. आणि सप्टेंबर २०२५ ला संपलेल्या आर्थिक वर्षात फेडरल खर्च वाढून ७ लाख कोटींच्या घरात गेला. तूट जवळपास होती तिथेच. इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. राजीनामा दिलेल्यांपैकी पुष्कळांना सप्टेंबरपर्यंत पगार चालू होता, तेव्हा पगाराची बचत त्या वर्षात पुरती दिसणार नव्हती. पण ती पुरती दिसली असती तरी वरचा रुपया-पैशाचा हिशेब बदलत नाही.

उधळपट्टी नाही असं मात्र मी म्हणत नाही. काँग्रेसच्या लेखापरीक्षकांनी, म्हणजे गव्हर्न्मेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने, २०२३ या एका वर्षात चुकीच्या दिलेल्या किंवा आधार न सापडलेल्या रकमांचा आकडा २३६ अब्ज डॉलर दिला होता. जवळजवळ सगळ्या पगारबिलाएवढा! त्यातला मोठा वाटा मेडिकेअर, मेडिकेड अशा थोड्या योजनांत आहे. हे पैसे वाचवायचे तर बिलं तपासणारी माणसं वाढवावी लागतात, जुन्या संगणकप्रणाली बदलाव्या लागतात. करदात्यांच्या नोंदींची आयआरएसची मूळ प्रणाली १९६० च्या दशकातली आहे. म्हणजे बचत करायची तर आधी खर्च करावा लागतो आणि काही ठिकाणी भरतीही. घोडं पेंड खातं ते इथे. 'मी बिलं तपासणारे दोन हजार लोक नेमीन' हे वाक्य प्रचाराच्या सुरुवातीला आयोवा राज्याच्या थंडीत कोणता उमेदवार बोलेल?

आणि बोलला तरी त्याच्या हातात किती? उमेदवार मालकाच्या थाटात बोलतो, पण घर काँग्रेसच्या नावावर आहे. खातं कायद्याने निर्माण होतं आणि कायद्यानेच बंद होतं. खात्यांची फेररचना करून काँग्रेसपुढे ठेवण्याचा जो अधिकार पूर्वी अध्यक्षांना दिला जाई, तो १९८४ मध्ये संपला. ओबामा यांनी २०११ च्या भाषणात एक विनोद केला होता: साल्मन मासा गोड्या पाण्यात असेल तर सरकारी जमिनी पाहणाऱ्या इंटीरियर खात्याचा, खाऱ्या पाण्यात गेला की वाणिज्य खात्याचा. पुढच्या जानेवारीत त्यांनी वाणिज्याशी संबंधित सहा संस्था एकत्र करण्यासाठी तो जुना अधिकार परत मागितला. मिळाला नाही. संसदेतल्या प्रत्येक समितीच्या अध्यक्षाला आपल्या देखरेखीखालचं खातं प्यारं असतं. मासा कुणाचा का असेना. ट्रम्प यांनीही मार्च २०२५ मध्ये शिक्षण खातं बंद करण्याच्या दिशेने आदेश काढला, पण खात्याचा १९७९ चा कायदा आदेशाने पुसला जात नाही. म्हणून माणसं कमी केली, कामं दुसऱ्या खात्यांकडे ढकलली. शिष्यवृत्त्या, विद्यार्थ्यांची कर्जं, अपंग मुलांच्या शिक्षणाचा पैसा ही कामं कायद्यात आहेत तशीच आहेत.

याची धग आपल्यापर्यंतही येते. गोव्याच्या वेर्ण्यात किंवा महाराष्ट्रातल्या औषध कारखान्यांत अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेचे निरीक्षक येतात. त्यांच्या शेऱ्यावर निर्यात चालते किंवा अडते. २०२५ च्या वसंतात त्या संस्थेत सुमारे साडेतीन हजार पदं कमी झाली. निरीक्षकांना हात लावलेला नाही, असं सांगितलं गेलं. पण निरीक्षकांच्या परदेश दौऱ्यांची तिकिटं, परवानग्या, वेळापत्रकं पाहणारी माणसं गेली. निरीक्षक विमानात बसायच्या आधी त्याच्या नावाचा कागद कुणीतरी हलवावा लागतो, हे बाहेरून नुसता आकडा पाहणाऱ्याला दिसत नाही. ग्रीन कार्डाच्या रांगेत उभ्या असलेल्या न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबांना हे वेगळं सांगायला नको. त्यांच्या रांगेचा मोठा भाग देशवार कोट्याच्या कायद्यामुळे आहे, पण कामाच्या परवान्याचा कागद वेळेत येतो की नाही, हे टेबलामागच्या माणसांवर ठरतं. आणि स्थलांतराचे हे अर्ज पाहणारी कचेरी जवळपास पूर्णपणे अर्जदारांच्या शुल्कावर चालते, अमेरिकी करदात्याच्या पैशावर नाही. तिथला माणूस काढला तर अमेरिकेचा डॉलर वाचत नाही, फक्त आपला अर्ज पडून राहतो.

२०२८ चे उमेदवार आता हळूहळू तयारीला लागतील. त्यांच्यातला एखादा उभा राहून म्हणाला की अमुक योजना मला नको, तिचा कायदा रद्द करण्यासाठी मी काँग्रेसकडे जाईन, ती योजना बंद झाली की तिची इतकी माणसं आपोआप लागणार नाहीत, तर त्याच्याशी माझे कडाडून मतभेद असले तरी मी त्याचं म्हणणं ऐकून घेईन. तो निदान खरं बोलतोय. काम तेवढंच ठेवून माणसं निम्मी करीन म्हणणाऱ्याला, आणि काम वाढवीन पण ते कसं होणार ते विचारू नका म्हणणाऱ्यालाही, मी तोच एक प्रश्न विचारीन.

बॉयर्सच्या खाणीचं काय झालं? जून २०२५ पासून निवृत्तीचा अर्ज ऑनलाइन भरता येऊ लागला, आणि ही खरी प्रगती आहे. मस्क यांच्या टोल्याने तिला धक्का मिळाला असेल तर तेवढं श्रेय त्यांचं. त्याच वर्षी कपातीला कंटाळून किंवा घाबरून निवृत्त झालेल्यांचे अर्ज हजारोंच्या संख्येने त्या कचेरीवर येऊन आदळले. कचेरी ऑफिस ऑफ पर्सोनेल मॅनेजमेंटची आहे, आणि आपली माणसं कमी करणाऱ्या खात्यांत तेही एक होतं.